लग्नात उरलेले दोन टोप भात, आणि आपल्या भागात अन्नबँक का नाही?

संगमावरची

मागच्या आठवड्यात मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, कुपवाडजवळच्या एका कार्यालयात. आम्ही मुलीकडचे, त्यामुळे हिशेब मिटेपर्यंत थांबलो. साडेचारच्या सुमारास आचारी आले आणि म्हणाले, "वहिनी, भाताचं काय करू?" आत जाऊन बघते तर मसालेभाताचे दोन मोठे टोप, एक टोप अळूची भाजी, कोशिंबिरीचं अख्खं पातेलं. सांगितली होती आठशे पानं, जेवली साडेपाचशे.

मी तिथल्या तिथे फोन लावायला सुरुवात केली. पहिली संस्था म्हणाली, "ताई, आज आमच्याकडे एकांच्या वाढदिवसाचं जेवण आलंय, मुलं जेवलीसुद्धा." दुसरी म्हणाली, "घेऊन या, पण सहाच्या आत." गाडी कुठून आणायची? वऱ्हाडाच्या बसमधून टोप नेता येत नाही. तिसरीकडे फोन कुणी उचलला नाही. सव्वापाचला कार्यालयाच्या माणसाने सगळं निळ्या पिंपात ओतलं. मी बघत उभी राहिले. लग्नाचे फोटो पाहताना अजून तेच पिंप डोळ्यांपुढे येतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि भारतात नुसत्या घराघरांतून माणशी वर्षाला ५५ किलो. कार्यालयांचं तर या ५५ किलोत धरलेलंच नाही.

माझा प्रश्न साधा आहे. सांगली, मिरज, कुपवाड आणि पुढे जमलं तर कराड-साताऱ्यापर्यंत मिळून एक अन्नबँक असावी का? म्हणजे एक फोन नंबर, एक गाडी, एक गोदाम, आणि कुठल्या संस्थेला आज काय हवंय याची यादी. कुणी असं काम केलंय का? अडचणी काय येतात? खरे अनुभव हवेत.

मिरज_जंक्शन

वाचतोय. फार गरजेचा धागा.

टोपवाला

संगमावरची ताई, मी बावीस वर्षं केटरिंगमध्ये आहे, म्हणून आचाऱ्याची बाजू सांगतो.

उरतं का, तर यजमानाला भीती असते. पत्रिका हजार, येणार सहाशे, हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. पण तो म्हणतो, "कमी पडता कामा नये, पाहुण्यांत नाक जाईल." त्यात एकाच दिवशी चार मुहूर्त असले की माणूस एका लग्नात अक्षता टाकतो आणि दुसऱ्यात जेवतो. जिलेबी कधी उरत नाही. उरतो तो भात, कारण भात शेवटी येतो आणि तोवर पोट भरलेलं असतं. मी आता भात दोन खेपांत लावतो. दुसरी खेप पंगतीचा रंग बघूनच चुलीवर चढवायची. एवढ्याने माझ्याकडे उरण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही ती म्हणजे भांडी. पाचला मला टोप रिकामे लागतात, संध्याकाळच्या ऑर्डरला तेच जातात. "आम्ही येतो, अन्न ठेवा" म्हणणारे पुष्कळ भेटले. ते येतात साडेसातला आणि म्हणतात टोपासकट द्या, उद्या आणून देतो. कसे देऊ? तुमची बँक निघाली तर गाडीत झाकणाचे स्वच्छ डबे आधी ठेवा. अन्न कोण देणार ही काळजी करू नका. आमच्यातला कुठलाही आचारी देईल. स्वतः शिजवलेलं पिंपात ओतताना त्याच्या हाताला काय वाटतं, ते त्यालाच ठाऊक.

फोडणीची_भाकरी

टोपवाला दादा, दोन खेपांचा भात ही युक्ती पुढच्या महिन्यात आमच्या घरच्या मुंजीत वापरणार. आचाऱ्याला हा प्रतिसादच वाचून दाखवते.

बाकी प्रत्येक मराठी घरात अन्नबँक असतेच, तिची व्यवस्थापक आजी. रात्री भात जमा, सकाळी फोडणी घालून परत. शिळी भाकरी जमा, ताकात कुस्करून परत. व्याज म्हणून वरून शेंगदाणे.

माणदेशी_मेंढका

ताई, राग मानू नगा, पर मला ह्यातली अर्धी गोष्ट पटत न्हाई.

माझा आजा म्हसवडकडचा. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला व्हता. मिलो मिळायची, लाल जुंधळा, परदेशातनं आलेला. सुकडी मिळायची. आजा सांगायचा, मिलोची भाकरी घशाखाली उतरायची न्हाई, पर ती कामाच्या बदल्यात मिळालेली व्हती म्हणून खाल्ली. कुणी फुकट आणून टाकली असती तर उपाशी ऱ्हायलो असतो. आता तुम्ही लग्नात उरल्यालं गोळा करून गरिबाच्या दारात न्हेणार. त्यो घील बी, भूक लागली तर. पर त्याला काय वाटंल ह्याचा इचार कोण करणार? फोटू काढून व्हाट्सपवर टाकणारी तर लै बघितल्यात.

अन्न वाया जाऊ नये ह्याला माझा सवाल न्हाई. पर गरिबाला पिंपाच्या जागी बसवू नगा.

संगमावरची

माणदेशी दादा, राग कशाचा? तुमचं शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून ठेवलंय. माझ्या मनात पिंप चुकवायचा विचार पहिला होता आणि माणसाचा दुसरा, हे वाचल्यावर कळलं.

साठेआठ_अंश

मी अन्नतंत्रज्ञान शिकवते. माणदेशींनी मानाचा मुद्दा काढला, मी आधी शब्दांचा काढते, कारण आपल्या भाषेत हे फार नेमकं आहे. उष्टं वेगळं, उरलेलं वेगळं, शिळं वेगळं, खरकटं वेगळं. अन्नबँकेत यातलं फक्त एक चालतं: कुणाच्या ताटात न गेलेलं, वाढप्याच्या टेबलावरही न आलेलं, टोपातच राहिलेलं. त्याला 'जास्तीचं' म्हणू या. बुफेच्या टेबलावर दोन तास उघडं पडलेलं पनीर कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी घ्यायचं नाही.

भारतात याला नियम आहेत. जास्तीच्या अन्नाचं संकलन आणि वाटप यासाठी एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०१९ साली नियमावली काढली. वाटप करणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते आणि कुठून काय आलं, कुठे गेलं याची नोंद ठेवावी लागते. वापरण्याची शेवटची तारीख उलटलेला माल देता येत नाही. मन मानेल तसा चालवायचा हा उद्योग नाही.

स्वयंपाकातला मूळ नियम असा की गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवा, नाहीतर पटकन ५ अंशांच्या खाली न्या. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. आणि ताई, तुमच्या दोन टोपांतला भात यातला सगळ्यात फसवा पदार्थ. भातात एका जातीच्या जंतूंचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. नंतर कितीही वाफ आणा, ते विष जात नाही. वासही येत नाही. दीडला उतरलेला भात मोठ्या टोपात झाकून ठेवला तर साडेचारला मधोमध कोमटच असणार. त्या दुसऱ्या संस्थेने "सहाच्या आत" सांगितलं, पण खरं तर तो भात साडेचारलाच मी घेतला नसता. तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका. घ्यायचा असता तर दोनला, उथळ डब्यांत काढून, लगेच.

मिरज_जंक्शन

बाप रे. आम्ही हॉस्टेलला चार वर्षं रात्रीचा भात सकाळी खाल्लाय.

साठेआठ_अंश

फ्रिजमधला असेल तर ठीक. उघड्या पातेल्यातला असेल तर चार वर्षं तुमचं नशीब चांगलं होतं. :)

पाच_किलो

मी थोडा विरोधात बोलतो. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, माणशी पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. २०२० च्या प्रजासत्ताकदिनापासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. एवढं असताना आणखी एक यंत्रणा कशाला? जे आहे ते नीट चालवा असं सरकारला सांगू या. आपण लग्नं साधी केली तरी निम्मा प्रश्न सुटेल.

रुग्णाचा_भाऊ

पाच_किलो, मिरजेला एकदा रात्री आठनंतर दवाखान्यांच्या गल्लीतून चालत जा. अथणी, विजापूर, जत, सांगोला, कुठून कुठून माणसं येतात. पेशंट आत, नातेवाईक बाहेर फुटपाथवर. मी स्वतः २०२२ मध्ये भावासाठी अठरा दिवस असा राहिलो. रेशनकार्ड होतं माझ्याकडे. कार्ड परगावी चाललं तरी गहू मिळेल, चूल कुठून आणायची? पहिल्या आठवड्यात पैसे होते, तेव्हा हॉटेलात जेवलो. दुसऱ्या आठवड्यात औषधांच्या चिठ्ठ्या वाढल्या तशी एक वेळ कमी केली. एक मंडळी संध्याकाळी खिचडीचा डबा घेऊन यायची. कधी यायची, कधी नाही. ज्या दिवशी येतील असं वाटायचं आणि यायची नाहीत, त्या दिवशी तोवर हॉटेल बंद झालेलं असायचं. मी तिशीतला माणूस, निभावलं. शेजारी सत्तरीची आजी होती, कन्नड बोलणारी. ती बिस्कीट पाण्यात बुडवून खायची.

मला कुणी अपमानाने दिलं नाही. उलट त्या खिचडीवाल्यांची नावं विचारायची राहिली याची रुखरुख आहे.

पाच_किलो

हे मला माहीत नव्हतं. मुद्दा मागे घेतो. लग्नं साधी करायचा तेवढा ठेवतो.

आश्रमाची_किल्ली

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. तासगाव तालुक्यातला एक छोटा वृद्धाश्रम मी बघते. सेहेचाळीस माणसं. संस्थेचं नाव देत नाही, नाहीतर ही जाहिरात होईल.

'रुग्णाचा भाऊ' यांनी लिहिलं ना, "कधी यायची, कधी नाही", तेच आमचं दुखणं. अन्न देणारे आम्हाला कमी नाहीत. पितृपक्षात वही उघडावी लागते, एका दिवसाला तीन-तीन जण. स्वातंत्र्यदिन, नेत्यांचे वाढदिवस, गुरुपौर्णिमा. त्या दिवशी आमच्या आजोबांना दोन वेळा पक्वान्न. त्यातले सतरा जण मधुमेहाचे. मुलं मोठ्या प्रेमाने श्रीखंड वाढतात, आणि नको म्हटलं तर त्यांचं मन मोडतं. मग जून उजाडतो, शाळांच्या फिया, पेरण्या, कुणाकडे पैसा नसतो. जून-जुलैत आमच्याकडे फोन वाजत नाही. त्या दोन महिन्यांत मी वाण्याकडे उधारी करते.

आम्हाला जेवण नको असं नाही. पण आधी हवा असतो भरवसा. महिन्याला एवढी तूरडाळ, एवढं तेल, एवढा गहू, थोडा गूळ-शेंगदाणे, आणि आठवड्याला भाजी, हे जर कुणी पक्कं केलं तर किराण्याचे जे पैसे वाचतील त्यात मला रात्रपाळीला आणखी एक बाई ठेवता येईल. सध्या रात्री एकच आहे. दोघं एकदम आजारी पडले तर ती कुणाकडे बघणार?

माणदेशी दादांना सांगते, वाण्याच्या दुकानातून जसा माल येतो तसा पोत्यात, पावतीवर आला तर कुणाचाच मान जात नाही. आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच काकू शिजवतात. आजोबांना ते दान आहे हे कळतसुद्धा नाही. त्यांना फक्त आमटीत मीठ कमी आहे हे कळतं, आणि ते रोज सांगतात.

माणदेशी_मेंढका

हे बराबर बोलला ताई. असं असंल तर मी बाजरीचं एक पोतं दर सुगीला देतो. फोटू नगं.

फिनिक्सचा_मिरजकर

आश्रमाची किल्ली ताईंनी जे मागितलं तेच अन्नबँकेचं मूळ काम आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो.

मी अमेरिकेत फिनिक्सला राहतो. योगायोग असा की जगातली पहिली अन्नबँक याच गावात निघाली, १९६७ साली, सेंट मेरीज या नावाने. जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ एका अन्नछत्रात स्वयंसेवक होते. तिथे एक बाई भेटली, सुपरमार्केटच्या मागच्या कचराकुंडीतून चांगलं अन्न वेचून मुलांना वाढवणारी. ती म्हणाली, पैसे ठेवायला बँक असते तशी अन्नाची असावी, ज्याच्याकडे जास्त त्याने भरावं, ज्याला हवं त्याने काढावं. त्यातून ही कल्पना आली. आज या देशात अशा सुमारे दोनशे बँकांचं जाळं आहे.

मी शनिवारी तिथे माल निवडायला जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं इथे गरिबांची रांग असेल. माझ्या पाळीत दिसतं ते मुख्यतः गोदाम. दुकानदार, घाऊक व्यापारी, कारखाने यांच्याकडून माल येतो. आम्ही तारखा बघतो, फुगलेला डबा फेकतो, शिवणीवर चेपलेला डबा फेकतो, बाकीचा जातवार खोक्यांत भरतो, वजन करतो. तिथून तो जातो आसपासच्या शेकडो छोट्या संस्थांकडे, म्हणजे चर्चची स्वयंपाकघरं, निवारे, वृद्धांची केंद्रं. कुणाला काय लागतं हे त्या संस्थांना ठाऊक असतं, बँकेला नसतं. बँकेला ठाऊक असतं माल कुठे आहे. संस्थांची तपासणीही होते, त्यांच्याकडे थंडगार ठेवायची सोय आहे का, उंदीर नाहीत ना, वगैरे.

हिवाळ्यात मेक्सिकोतून नोगालेसच्या सीमेवरून भाजीचे ट्रक येतात. भाव पडला की टोमॅटो, काकड्या, भोपळी मिरच्या पॅलेटच्या पॅलेट बँकेकडे वळतात. शिजवलेलं अन्न आमच्या गोदामात मी जवळजवळ पाहिलेलंच नाही. देणाऱ्याला कोर्टाची भीती वाटू नये म्हणून १९९६ साली इथे कायदा झाला. प्रामाणिकपणे चांगलं समजून दिलं असेल तर देणाऱ्यावर दावा चालत नाही, अक्षम्य हलगर्जी केली असेल तरच.

तेव्हा ताई, आपण लग्नापासून सुरुवात करतोय ते उलट्या टोकाने आहे असं मला वाटतं. गूळ, डाळ, बेदाणा, भाजी इथून सुरू करा.

टोपवाला

उलटं टोक म्हणा, पण पिंपात जातं ते याच टोकाला, दादा. दोन्ही टोकं धरायला लागतील.

मार्केटयार्डचा_गाळा

बाजार समितीच्या आवारात आमचा गाळा आहे, वडिलांपासून. माल कुठे वाया जातो ते सांगतो.

धान्यात फार जात नाही. सांडलेलं झाडून घेणाऱ्या बाया असतात, पाखडून नेतात, तो त्यांचा हक्कच आहे, तिथे कुणी बँक आणू नये. बेदाण्याच्या सौद्यात बॉक्स फोडून बघतात तेव्हा खाली पडतो, तोही गोळा होतो. खरा नाश भाजीत. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो, फ्लॉवर. भाव पडला की शेतकऱ्याला गाडीभाडंही सुटत नाही. मग तो कोथिंबिरीच्या पेंड्या आवारातच टाकून जातो. सकाळी साडेसहाला ती ताजी असते, दहाला उन्हात गेली. त्याला त्या क्षणी कुणी "दादा, दोन रुपये पेंडी घे आणि आमच्या गाडीत टाक" म्हणालं तर तो आनंदाने टाकेल. फुकट मागू नका एवढंच सांगतो. त्याचा तोटा झालेला असतो, दान मागायला त्याच्याच दारात जाऊ नये.

डाळ-गुळाच्या व्यापाऱ्यांकडे फुटकी पोती, ओली झालेली कड, वजनात कमी आलेला माल असतो. हा माल चांगला असतो, विकायला अडचणीचा असतो. महिन्यातून एक ठरावीक दिवस सांगा, आमची बाजू मी गोळा करतो.

पंचाहत्तर_टक्के

हिशेबनीस म्हणून दोन ओळी. वस्तू दिली तर देणगीवरची प्राप्तिकरातली सूट मिळत नाही, ती पैशाच्या देणगीलाच. देणाऱ्यांना हे आधीच स्पष्ट सांगा, नंतर कटुता येते. मोठ्या कंपन्यांना मात्र कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली सामाजिक खर्च करावा लागतो आणि त्या यादीत भूक व कुपोषण निवारण आहे. गाडी आणि शीतकपाट यासाठी तिकडे अर्ज करता येईल. नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवल्यात तर.

अजिंक्यताऱ्यावरून

साताऱ्याच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे ही कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, जातपात न बघता मुलं एका पंगतीला बसवली. त्या मुलांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. आमच्या घरी हे आजोबा सांगायचे आणि सांगताना थांबायचे. पोराला शिकवायचं तर आधी ताट वाढायला लागतं, हे आपल्या भागाला शंभर वर्षांपूर्वी कळलेलं आहे.

गोंदवल्याला जा. माण तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखात, पण दुपारचा प्रसाद घेतल्याशिवाय कुणी परत जात नाही. तिथलं पंगतीचं शिस्तबद्ध वाढप बघण्यासारखं आहे. लहानपणी मी तिथे आमटी-भात टाकला होता, आजीने ताट पुसून खायला लावलं.

प्रश्न अंतराचा. सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. शिजवलेलं अन्न एवढं फिरवता येणार नाही. पण महाबळेश्वर-वाईकडची स्ट्रॉबेरी हंगामाच्या शेवटी मऊ पडते, तिचा जॅम करून बाटल्या तुमच्याकडे येऊ शकतात, आणि तुमचा बेदाणा आमच्या वसतिगृहांत.

फोडणीची_भाकरी

स्ट्रॉबेरी जॅमच्या बदल्यात बेदाणा? मग आमच्या भडंगाचं पोतंही चढवा, सातारकर कंदी पेढ्याचं बघतील.

अजिंक्यताऱ्यावरून

पेढे उरतच नाहीत हो. तिथे अन्नबँक लागू पडत नाही.

आयर्विनवरून_४५

विषय निघालाच आहे तर २०१९ च्या पुराचं लिहितो. ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५, म्हणजे विचार करा. आमचं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर सगळ्या महाराष्ट्रातून मदत आली, ती आठवली तरी अजून डोळे भरतात. अनोळखी गावातल्या बायकांनी रात्रभर जागून भाकऱ्या थापून पाठवल्या होत्या.

पण त्या मदतीतलं बरंच वाया गेलं हेही मी पाहिलं. मी एका शाळेतल्या छावणीत वाटपाला होतो. एकाच सकाळी चार टेम्पो भाकरी-चटणी, तीन टेम्पो बिस्किटं. आमच्याकडे माणसं तीनशे. पाच किलोमीटरवरच्या गावात त्याच दिवशी काहीच पोचलं नाही, कारण रस्त्यात पहिली छावणी आमची लागायची. पावसाळी हवा, प्लास्टिकच्या पिशवीत गरम भाकरी भरलेली, तिसऱ्या दिवशी बुरशी. आम्ही रात्री, कुणी बघू नये म्हणून, खड्डा खणून त्या पुरल्या. त्या बायकांना कळलं असतं तर काय वाटलं असतं?

त्या वेळी कुणाकडे काय कमी आहे हे सांगणारी एक वही आणि एक माणूस असता तर एवढं झालं नसतं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. पुन्हा येणारच. तेव्हा अन्नबँकेचं गोदाम असलंच तर ते पूररेषेच्या वर हवं, एवढी माझी मागणी. नाहीतर पहिल्याच वर्षी डाळ भिजेल.

रुग्णाचा_भाऊ

याच मिरजेतून २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं. लाखो लिटर पाणी टँकरच्या गाडीत भरून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पोचवता येतं, तर टोपभर आमटी दोन किलोमीटर का नाही?

साठेआठ_अंश

कारण पाणी आंबत नाही. :) पण तुमची तळमळ समजते. आमटी-भाजी नेता येते. दोन तासांत, उकळी आणून, झाकणाच्या डब्यात, आणि लगेच खाणारी माणसं ठरलेली असतील तर. दवाखान्यांच्या गल्लीतली माणसं त्यात बसतात, कारण ती तिथेच आहेत, रात्री आठला जेवायची आहेत. वृद्धाश्रमाला मात्र कोरडा शिधा. एकाच बँकेच्या दोन खिडक्या म्हणा. दूध, पनीर, मासे, खीर, बासुंदी पहिली दोन वर्षं अजिबात घेऊ नका.

पाच_किलो

तारखांबद्दल एक शंका. पाकिटावर "या तारखेपूर्वी उत्तम" आणि "या तारखेपर्यंत वापरा" असं दोन तऱ्हेचं असतं. फरक काय?

साठेआठ_अंश

पहिली तारीख चवीची, कुरकुरीतपणाची. दुसरी सुरक्षिततेची. दुसरी उलटली की विषय संपला. पण गोंधळ टाळायला मी सुचवेन की बँकेने पाकिटबंद माल तारखेला किमान महिना बाकी असतानाच घ्यावा. संस्थेत पोचून वापरायला वेळ लागतो. दुकानदाराला नको झालेलं खपवायची जागा, असं बँकेचं होऊ देऊ नका.

आश्रमाची_किल्ली

यासाठी तुमचे आभार मानते. तारीख संपायला दोन दिवस राहिलेल्या नूडल्सची चार खोकी आमच्याकडे एकदा आली होती. सेहेचाळीस म्हातारी माणसं, दोन दिवसांत दोनशे पाकिटं. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, पुढच्या वेळी ते देणार नाहीत ही भीती. बँक मधे असती तर माझ्या वतीने तिने नाही म्हटलं असतं. खरं सांगू, मला ती याच्यासाठीही हवी आहे.

संगमावरची

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. पाच-सहा दिवस इथे आले नाही कारण फोन करत होते.

धागा काढला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त तो भात होता. आता वाटतं, भात हा प्रश्नाचा लहान तुकडा. किल्ली ताईंनी जून-जुलैचं लिहिलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आमच्याच घरून दरवर्षी पितृपक्षात एका संस्थेत जेवण जातं. यंदा सासूबाईंशी बोलले. सासऱ्यांच्या नावाने तेवढ्याच पैशांची तूरडाळ जूनमध्ये द्यायची असं ठरलं. त्या आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "त्यांना आमटी आवडायचीच." तिथीला घरी नैवेद्य करणार आहोत.

सांगली-मिरजेतल्या अकरा संस्थांशी बोलले. प्रत्येकीला विचारलं की महिन्याला काय लागतं, काय नको, किती माणसं, कुठला वार रिकामा. नऊ जणांनी पहिल्यांदा हेच विचारलं की "कायम देणार का एकदाच?" सात जणांच्या यादीत तेल पहिलं आहे. दोघांनी गोड नको असं स्पष्ट सांगितलं. ही यादी वहीत लिहिली आहे.

टोपवाला दादांनी चार केटरर तयार केलेत, दुपारी दोनला फोन करतील. उथळ झाकणाचे पंधरा डबे मी आणि बहिणीने घेतले, तिच्या मुलीच्या लग्नाच्या आहेरातून, तिनेच सुचवलं. नोंदणीचे कागद पंचाहत्तर टक्के बघतायत. ते होईपर्यंत शिजवलेल्याला हात लावायचा नाही, साठेआठ ताईंची ताकीद आहे. तोवर फक्त कोरडा शिधा आणि सकाळची भाजी. गोदाम म्हणून विश्रामबागेत ओळखीच्यांची एक खोली मिळतेय, २०१९ ला तिथे पाणी आलं नव्हतं, हे शेजारच्या तीन घरांत विचारून खात्री केली.

अडलंय ते गाडीवर. मार्केटयार्डवरून पहाटे सहाला भाजी उचलून साडेआठच्या आत चार ठिकाणी पोचवायची आहे. भाड्याने छोटा हत्ती आठवड्यातून तीनदा परवडत नाही. कुणाच्या ओळखीत आहे का?

मार्केटयार्डचा_गाळा

आमच्या गाळ्याचा आहे. मंगळवार आणि शनिवार सकाळी उभाच असतो. डिझेल तुम्ही घाला, ड्रायव्हर मी देतो. तिसऱ्या दिवसाचं दुसऱ्या कुणीतरी बघा.

माणदेशी_मेंढका

तिसरा दिस गुरुवार धरा. माझा भाचा कवठ्याहून दूध घालून रिकामी गाडी घिऊन मिरजंतनं परत येतो, साडेसहाला. सांगतो त्याला. बाजरीचं पोतं बी त्याच्यासंगंच धाडतो.

संगमावरची

दादा, भाच्याचा नंबर इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी पहिली फेरी. कोथिंबिरीला दोन रुपये पेंडी, ठरलं.